आमची जुनी जीप

मनुष्यानें छंद कोणता करावा याविषयीं शास्त्रकारांनीं कांहीं नियम घालून ठेवले नाहींत, ही त्यांची मोठीच कृपा म्हटली पाहिजे. कोणी तिकिटें जमवितो, कोणी गुलाबाचीं कलमें करितो, कोणी पहांटे उठून पक्ष्यांच्या मागें हिंडतो; आणि शेजारीपाजारी त्याला फार तर विक्षिप्त म्हणून सोडून देतात. परंतु ज्याच्या दाराशीं साठ वर्षांची जुनी जीपगाडी उभी असते त्याची सुटका इतक्या स्वस्तांत होत नाहीं. तिकिटांचा आवाज होत नाहीं, गुलाबांना पेट्रोल लागत नाहीं, आणि पक्षी फरशीवर तेलाचे डाग पाडीत नाहींत. त्यामुळें आम्हांस भेटणारा प्रत्येक गृहस्थ तीन प्रश्न हटकून विचारतो: गाडीला पेट्रोल किती लागतें, सुटे भाग मिळतात का, आणि ही विकून टाकीत कां नाहीं? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें सोपीं आहेत: पुष्कळ लागतें, आणि शोधले तर मिळतात. तिसऱ्याचें उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखें नाहीं. म्हणून तें येथें सविस्तर देण्याचें योजिलें आहे.

आमची गाडी १९६४ सालची, मुंबईच्या कारखान्यांत बांधलेली. तिचें कुळ मात्र अमेरिकेंतलें. १९४० सालीं, युरोपांत युद्ध पेटलेलें असतां, अमेरिकन सैन्यानें एका हलक्या, चारहि चाकांना ओढ देणाऱ्या गाडीसाठीं १३५ कारखानदारांना विचारणा केली. नमुन्याची गाडी ४९ दिवसांत तयार करून दाखवावयाची होती. ही अट वाचून बहुतेकांनीं हात आंखडता घेतला. बँटम नांवाच्या एका लहानशा, कर्जबाजारी कंपनीनें कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनियराच्या साहाय्यानें तो विडा उचलला आणि त्या वर्षींच्या सप्टेंबरांत गाडी सैन्याच्या स्वाधीन केली. पुढें टोलीडो येथील विलीज कंपनीचें ६० अश्वशक्तीचें दणकट एंजिन सरस ठरलें, आणि मोठें काम तिच्याकडे गेलें. फोर्डच्या कारखान्यांतहि त्याच नमुन्याच्या गाड्या निघाल्या, आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा तयार झाल्या. युद्धानंतर त्यांतल्या अनेक आपल्याकडे लिलावांत विकल्या गेल्या. पुढें महिंद्र कंपनीनें मुंबईंतच त्या जोडावयास व बांधावयास आरंभ केला. आमची गाडी विलीजच्या १९५३ सालच्या उंच बॉनेटच्या नमुन्याची. नव्या एंजिनांत आंत घेण्याच्या झडपा वर माथ्यांत बसविल्या, म्हणून एंजिनाची उंची वाढली, आणि म्हणून बॉनेटहि उंच करावें लागलें. तिच्या तोंडावर जो एक भाबडा, कपाळ मोठें असल्यासारखा भाव दिसतो, त्याचें कारण इतकेंच आहे.

हा इतिहास सांगण्याचा हेतु पांडित्य मिरविण्याचा नव्हे. ही गाडी दुरुस्त करावयाची होती ती कारखान्यांत नव्हे, तर चिखलांत, अंधारांत, आणि कालपर्यंत शेतावर नांगर धरणाऱ्या पोरांच्या हातून. तेव्हां बांधणाऱ्यांनीं तिच्यांत लपवून कांहींच ठेवलें नाहीं. बॉनेट उघडलें कीं कार्बोरेटर, कॉइल, डिस्ट्रिब्यूटर, पंप हे सारे भाग हाताच्या अंतरावर, घरांतल्या फडताळांतल्या डब्यांसारखे ओळीनें दिसतात. अंगावरचे पत्रे सपाट आहेत. वांकले तर ठोकून सरळ करतां येतात. पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखालींच आहे. बांधणाऱ्यानें घेणाऱ्याला मनांत म्हटलें होतें कीं, बाबा रे, तुला हें समजेल. आमच्या पिढीला यंत्राकडून इतका मान पुन्हां मिळालेला नाहीं. आजच्या गाड्या कितीतरी सुरक्षित आहेत, धूर थोडा सोडतात, आणि वर्षानुवर्षें बिनतक्रार चालतात, हें आम्ही मनापासून मान्य करतों. रोजच्या कामाला आमच्या घरींहि तशीच एक आहे. पण तिच्यांत बिघाड झाला कीं एक पिवळा दिवा लागतो आणि आपण परके होतों.

चारहि चाकांची ओढ ही जीपची खरी विद्या. आणि ती ऐकण्यासारखी आहे. गिअरपेटीच्या मागें दुसरी एक लहान पेटी असते. तिला दोन दांडे. एक पुढच्या चाकांना एंजिनाची शक्ति जोडतो. दुसरा गति कमी करून जोर वाढवितो. पुढचीं चाकें जोडल्याखेरीज दुसरा दांडा खालच्या गतींत पडतच नाहीं, अशी बांधणाऱ्यांनींच व्यवस्था करून ठेवलेली आहे. आतां वळणावर पुढचीं चाकें मागच्यांहून लांबचा रस्ता कापतात. हा पुढचा-मागचा फरक भागविणारी कोणतीहि योजना या जुन्या जीपांत नाहीं. चिखलांत किंवा वाळूंत चाकें थोडीं घसरून तो फरक आपोआप फेडतात. पण डांबरी रस्त्यावर चारहि चाकें जोडून वळूं लागलें तर सारा पीळ दांड्यांत आणि दंतचक्रांत सांठतो, टायर घासूं लागतात, आणि दांडा परत निघतां निघत नाहीं. म्हणजे जमीन जेथें दगा देते तेथें ही गाडी आपली, आणि जमीन जेथें भक्कम असते तेथें तिचें सामर्थ्य तिलाच बाधतें. वेल्हे तालुक्यांतल्या एका कच्च्या वाटेवर, ऐन आषाढांत, दुधाचा टेम्पो चिखलांत रुतला असतां आमच्या जीपनें तो ओढून काढला होता. त्या दिवशीं एंजिन जेमतेम पुटपुटत होतें आणि चाकें मुंगीच्या गतीनें फिरत होतीं. गवळी मात्र आमच्याकडे न पाहतां गाडीकडे पाहून हात जोडीत होता. तो योग्य ठिकाणीं हात जोडीत होता असेंच आमचें मत आहे.

परंतु जीपविषयीं बोलतांना मिस्त्रींविषयीं न बोलणें म्हणजे मूर्तीची स्तुति करून मूर्तिकाराला विसरण्यासारखें होईल. पुण्याच्या पूर्व भागांतल्या एका पेठेंत, लोखंडी सामानाच्या दोन दुकानांमध्यें, त्यांची एका गाळ्याची गॅरेज. वय सत्तरीच्या पलीकडे. आमची मुलगी त्यांना चाचा म्हणते, आम्ही मिस्त्री म्हणतों, आणि ते आम्हांस गेलीं बावीस वर्षें साहेबच म्हणत आले आहेत. स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक एंजिनावर आणि मूठ कानाला लावून ते कोणती झडप वाजते तें सांगतात. नवा भाग मिळत नसेल तर जुन्या बाजारांतून त्याच्यासारखा दुसरा आणून, कानस लावून, नेमका बसवितात. पाटे, पॅकिंग, ऑइल सील यांची त्यांची स्मरणशक्ति एखाद्या वैदिकाच्या पाठांतरासारखी आहे. आणि तिच्याप्रमाणेंच ती कोठेंहि लिहून ठेवलेली नाहीं.

एकदां खड्ड्यावरून जातांना गाडीचें सुकाणूं असें थरथरूं लागलें कीं हातांतून सुटेल कीं काय असें वाटावें. जुन्या जीपांचा हा एक ठरलेला रोग आहे. दुसरा कोणी टायर बदलावयास सांगता. मिस्त्रींनीं पुढचें चाक जॅकवर उचललें, वर-खालीं धरून हलविलें, आणि म्हणाले, "किंगपिन ढिला आहे, साहेब." चाक ज्या खुंटीवर वळतें तिच्या बेअरिंगवर पातळ पत्र्याच्या चकत्या बसविलेल्या असतात. त्यांना शिम म्हणतात, आणि त्यांची जाडी इंचाच्या सहस्रांशांत मोजतात. बेअरिंग झिजलें कीं चकती काढावयाची. एक जास्त काढली तर सुकाणूं जड होतें, एक कमी काढली तर थरथर राहते. मिस्त्री पुस्तकांतल्याप्रमाणें ताणकाटा लावून पाहात नाहींत. दोन बोटांनीं ओढून पाहतात. त्यांनीं दोन चकत्या काढल्या, एक परत घातली, आणि थरथर गेली. या कामाला अडीच तास लागले, आणि मजुरी इतकी थोडी सांगितली कीं ती देतांना आम्हांसच संकोच वाटला.

याच मिस्त्रींनीं दोन वर्षांपूर्वीं, चहाचा पेला खालीं ठेवीत, सांगितलें कीं वाड्याच्या जागीं इमारत उठणार आहे, गाळा सोडावा लागेल, आणि आतां गुडघे गाडीखालीं शिरूं देत नाहींत. दोघे मुलगे नोकरीला. एक मोबाइलच्या दुकानांत, दुसरा आखातांत. त्यांच्या बोलण्यांत खेद नव्हता. खेद झाला तो आम्हांला. आणि तो सर्वस्वीं निःस्वार्थी होता असेंहि नाहीं.

त्याच सुमारास महामार्गावरच्या एका हॉटेलवाल्यानें गाडीला गिऱ्हाईक म्हणून हजेरी लावली. त्यानें सांगितलेली रक्कम मुलीच्या कॉलेजच्या दोन वर्षांच्या शुल्काएवढी होती, आणि तें शुल्क त्याच महिन्यांत भरावयाचें होतें. गाडी तो हॉटेलच्या दाराशीं उभी करणार होता. एंजिन काढून विकावयाचें, त्या पोकळींत माती भरून मधुमालती लावावयाची, आणि दिव्यांच्या खोबणींत रंगीत बल्ब बसवावयाचे. तो मनुष्य वाईट नव्हता. त्याला गाडी खरोखरीच सुंदर वाटत होती. कायद्याचा ओढाहि थोडा त्याच दिशेचा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षें चालते, आणि पुढें तपासणी करून पांच-पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. १९२१ नव्हे, २०२१ सालीं पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठीं निराळी नोंदणी निघाली. तिच्यांत गाडीला पुराणवस्तूचा मान मिळतो, पण प्रदर्शन, जुन्या गाड्यांचे मेळावे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणतां येते. मान आणि निवृत्ति हीं दोन्ही एकाच कागदावर मिळतात.

घरांत या प्रश्नावर तीन रात्री बोलणें झालें. पैसा खरा होता, गरज खरी होती, आणि छंदासाठीं मुलीच्या शिक्षणाला बाध आणणारा बाप होण्याची आमची तयारी नव्हती. चौथ्या दिवशीं आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, विकायची असेल तर खुशाल विका. पण चालती विका. तिच्या पोटांत माती भरलेली पाहायला मला नेऊं नका." या एका वाक्यानें गुंता सुटला. प्रश्न गाडी ठेवण्याचा नव्हताच. ती चालती ठेवण्याचा होता. जी वस्तु दुरुस्त होऊं शकते ती वृद्ध असते. जिची दुरुस्ती संपली ती, कितीहि रंगविली तरी, गेलेली असते. घराचा रंग व गच्चीचें काम आम्हीं दोन वर्षें पुढें ढकललें, शुल्क भरलें, आणि हॉटेलवाल्याला चहा पाजून निरोप दिला. नोंदणीहि साधीच ठेविली. तपासणींत उतरावें लागतें, पण रस्ता आपला राहतो.

मग आम्ही मिस्त्रींकडे गेलों आणि शिकवा म्हणालों. ते हसले. "साहेब, या वयांत?" पण मुलगी बरोबर होती, आणि तिचीं बोटें बारीक आहेत, हें त्यांच्या ताबडतोब ध्यानांत आलें. गाळा रिकामा होईपर्यंतचे सात महिने, दर रविवारीं, ते स्टुलावर बसून सांगत व ती गाडीखालीं शिरे. आम्ही मध्यें बसून वहींत लिहीत असूं. पॉइंटमधली फट किती, ठिणगी कोणत्या क्रमानें फिरते — एक, तीन, चार, दोन. पहिल्या गिअरमध्यें चालत्या गाडीवर जातांना क्लच दोनदां कां दाबावा. हातब्रेक चाकांवर नसून मागच्या दांड्यावर असल्यामुळें तो गाडी पळत असतां कां ओढूं नये. किंगपिनच्या दिवशीं दोन बोटांनीं ओढण्याचा जोर कसा लिहावयाचा हें आम्हांस समजेना. तेव्हां मिस्त्रींनीं कोपऱ्यांतला, इतकीं वर्षें न वापरलेला ताणकाटा मागितला, आधीं बोटांनीं ओढून पाहिलें, मग कांटा लावला, आणि आंकडा पुस्तकांतल्या हद्दींतच निघाला. "लिहून घे, बेटी," ते म्हणाले. "बोटं माझ्याबरोबर जातील. आंकडा तुझ्याकडे राहील."

ते हल्लीं मुलीच्या सासरीं, सोलापुरास असतात. एखाद्या रविवारीं फोनवरून एंजिनाचा आवाज ऐकवावा लागतो. ते ऐकून औषध सांगतात. वही दोनशें पानांची आहे. तिचीं एकशेंचाळीस पानें भरलीं, आणि आतां तिच्यांत मुलीचें अक्षर आमच्या अक्षराहून जास्त दिसूं लागलें आहे.

तेव्हां, वाचकहो, तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर असें. गाडी आम्ही कधींच विकणार नाहीं असें नाहीं. माणूस थकतो, डोळे मंदावतात, मुलें दूर जातात. पण घेणाऱ्यानें आधीं एक अर्धा दिवस आमच्या मुलीसमोर बसावें, पुढचें चाक उचलावें, किंगपिनच्या चकत्या मोजून काढाव्या आणि मोजून परत घालाव्या. तें जमलें तर वही गाडीबरोबर फुकट मिळेल. भावाचें बोलणें त्यानंतर.