छपरातून निघालेलं धुरांडं

बुरोंडीची बर्फातली मासळी घेऊन पिकअप दापोलीचा चढ चढते. हौद्यावर बंदिस्त छप्पर असताना ट्रॅक्टरसारखा उभा सायलेन्सर बसवायची हौस मात्र महागात पडते.

छपराला भोक पाडावं लागतं आणि तिथूनच पाणी झिरपतं. तापलेल्या नळीजवळचं फायबर, रबर करपतं. वरच्या तोंडाला झाकण नसेल तर कोकणचा पाऊस थेट आत; खारी हवा गंज चढवते ती वेगळीच.

१९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे परस्पर बदल रोखतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

खरी काळजी चालकाची. नळीचा सांधा फुटला, तर वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो. म्हणून पावसाळ्याआधी मूळ नळीचे सांधे गॅरेजमध्ये तपासून घ्यायलाच हवेत.