राखाडी तिरंगा

आमच्या शाळेत रंगीत लेझर प्रिंटर आहे. गावातले एक काका मुंबईला ऑफिसात कामाला आहेत. तिथे नवा आला म्हणून जुना त्यांनी शाळेला मिळवून दिला. तो लई जड आहे, दोघांनी धरून टेबलावर ठेवला. शेजारी संगणक आहे आणि त्यात लिनक्स आहे. लिनक्स फुकट मिळते आणि जुन्या संगणकावरही चालते म्हणून गुरुजींनी ते घातले. फिनलंड देशातल्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली ते सुरू केले. तेव्हा ते कॉलेजात शिकत होते.

२६ जानेवारी २०२५ च्या निमंत्रणावर तिरंगा छापायचा होता. पान बाहेर आलं आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. केशरी राखाडी, हिरवा पण राखाडी, अशोकचक्र पण राखाडी. पांढरा तेवढा बरोबर होता, कारण तो कागदच असतो. गुरुजींनी परत छापलं. परत तसंच.

गुरुजींनी तालुक्याच्या दुरुस्तीवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, रंगाचे तिन्ही डबे संपले असतील, रंग संपला की काही प्रिंटर काळ्यावरच छापतात. नवे डबे घ्या, बारा हजार होतील. आमच्या शाळेचा पट ६० आहे. म्हणजे मुलामागे २०० रुपये वर्गणी. गुरुजींनी भागाकार फळ्यावर करून दाखवला. आम्ही तिघं भावंडं शाळेत आहोत, म्हणजे आमचे ६०० झाले. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "सहाशे म्हणजे माझं दोन दिवसाचं खुरपण. एका झेंड्याच्या चित्राला एवढं?" आजोबा म्हणाले, "त्यापरीस भंगारात घाला म्हणावं." मला फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी ते राखाडी पान वर्गात आणलं आणि म्हणाले, "आधी प्रिंटर कसा चालतो ते समजून घ्या, मग पान बघा."

प्रिंटरमध्ये शाई नसते, भुकटी असते. तिला टोनर म्हणतात. चार डबे असतात. सायन म्हणजे आकाशी, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळा आणि काळा. डब्यांवर इंग्रजी अक्षरे असतात, सी, एम, वाय, के. काळ्याला के का, तर छापखान्यात काळ्या रंगाच्या ठशाला की असे म्हणत. कंगवा केसावर घासून कागदाच्या कपट्याजवळ नेला की कपटे उडून चिकटतात ना, तशीच ही भुकटी आत एका रुळाला चिकटते. लेझरचा उजेड रुळावर जिथे पडतो तिथेच ती बसते. मंग ती कागदावर येते आणि गरम रुळाखालून जाताना वितळून पक्की होते. म्हणून पान बाहेर येताना भाकरीसारखं कोमट लागतं. ही युक्ती अमेरिकेतल्या चेस्टर कार्लसन यांची. २२ ऑक्टोबर १९३८ ला त्यांनी गंधक लावलेली जस्ताची पट्टी रुमालाने घासली, काचेवर लिहिलेली अक्षरे तिच्यावर धरून दिव्याचा उजेड पाडला आणि वर भुकटी टाकली. अक्षरे उमटली. रुमालाने! हे मला सगळ्यात आवडलं.

आता तिरंग्याकडे या. केशरी रंग पिवळा आणि मॅजेंटा मिळून होतो. हिरवा होतो पिवळा आणि सायन मिळून. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, "गुरुजी, पिवळा संपला असता तर केशरीच्या जागी गुलाबी दिसला असता." गुरुजी म्हणाले शाबास. मी म्हटलं, आणि हिरव्याच्या जागी आकाशी. मंग मी विचारलं, एकाच दिवशी तिन्ही डबे कसे संपतील? आमच्या घरी मीठ, साखर आणि चहापत्ती एका दिवशी कधीच संपत नाही. आणि तिन्ही संपले असते तर केशरीची जागा पांढरी राहायला पाहिजे. इथे तर राखाडी होती. राखाडी म्हणजे काळी भुकटी विरळ टाकलेली. म्हणजे केशरीच्या जागी काळं टाक असं कुणीतरी सांगत होतं. आता सांगणारा कोण, प्रिंटर का संगणक?

गुरुजींनी संगणकाची तारच काढून टाकली. प्रिंटरला स्वतःची बटणं आहेत. त्याला संगणकाशिवाय चाचणीचं पान छापता येतं. गुरुजींनी बटण दाबलं. प्रिंटर गुरगुरला आणि पान आलं. आकाशी, गुलाबी, पिवळी, काळी, चारही पट्ट्या स्वच्छ! आम्ही टाळ्या वाजवल्या. गुरुजी नुसतं "हं" म्हणाले. मग डब्यांत किती भुकटी उरली त्याचं पान काढलं. एकही डबा संपलेला नव्हता.

म्हणजे खोट संगणकात होती. दिवाळीच्या सुट्टीत २०२४ ला संगणकात लिनक्स नव्याने घातलं होतं, तेव्हा प्रिंटर परत जोडावा लागला होता. लिनक्समध्ये छापायचं काम कप्स नावाचा प्रोग्राम बघतो. त्याचं पान ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट कोलन ६३१ असं लिहिलं की उघडतं. त्या दिवशी इंटरनेट नव्हतं तरी उघडलं, कारण ते पान आपल्याच संगणकात असतं. पासवर्ड घालताना गुरुजींनी आम्हाला भिंतीकडे तोंड करायला लावलं.

तिथे प्रिंटरच्या नावासमोर ड्रायव्हर लिहिलेला असतो. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. संगणकाचं बोलणं तो प्रिंटरच्या भाषेत सांगतो. आमच्या दुभाष्याचं नाव होतं जेनेरिक पीसीएल ५ई. म्हणजे पीसीएल भाषा समजणाऱ्या कोणत्याही प्रिंटरला चालेल असा, पण त्याला काळा-पांढराच येतो. बिचाऱ्याला केशरी हा शब्दच माहीत नाही! म्हणून सेटिंगमध्ये रंगाचा पर्याय दिसतच नव्हता. गुरुजींनी यादीतून आमच्याच मॉडेलचा ड्रायव्हर निवडला. लगेच कलर मोड असं नवीन घर दिसायला लागलं. त्यात कलर ठेवलं आणि छापलं.

केशरी, पांढरा, हिरवा, मधे निळं चक्र. पान कोमट होतं. ते सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं. गुरुजींनी वर्गणीचा हिशेब फळ्यावरून पुसून टाकला आणि दुरुस्तीवाल्यांना फोन करून सांगितलं. ते पण खूश झाले. म्हणाले, पुढच्या गिऱ्हाइकाला मी आधी चाचणीचं पान काढायला सांगेन. आईला सांगितलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "बरं झालं, दोन दिवस वाचले."

तेव्हा गुरुजींनी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांच्या प्रयोगशाळेतल्या लेझर प्रिंटरमध्ये कागद सारखा अडकायचा. त्यांना त्याचा प्रोग्राम सुधारायचा होता, पण तो कुणी दाखवेना. त्यांना राग आला. १९८३ साली त्यांनी सगळ्यांना बघता आणि सुधारता येतील असे प्रोग्राम करायचं जाहीर केलं. लिनक्ससोबत आपण त्यातले पुष्कळ वापरतो. मला वाटतं प्रिंटर तिकडे पण खोडीलच असतात.

आपला प्रिंटर आता रंगीत छापतो, पण पानाच्या कडेला एक निळा ठिपका येतो. तो चाचणीच्या पानावर पण येतो, म्हणजे ही खोट खरंच प्रिंटरमध्ये आहे. मी फूटपट्टी लावली. दोन ठिपक्यांत साडेसात सेंटिमीटर अंतर. पुढचा पण साडेसातवर. सायकलच्या चाकाला एका जागी शेण लागलं की वाटेवर दर फेरीला एक ठसा उमटतो ना, तसंच सायनच्या डब्यातल्या रुळावर एका जागी काहीतरी लागलं असणार. रुळाला हात लावायचा नसतो, जास्त उजेडही दाखवायचा नसतो. म्हणून दोरा गुंडाळून त्याचा घेर मोजता आला नाही.

या लेखाशेजारी लावलेला तिरंगा त्याच प्रिंटरवर छापलेला आहे. त्याच्या उजव्या कडेला ठिपके आहेत. फूटपट्टी खाली खिळ्याला टांगली आहे, कुणीही मोजून पाहावे.