पाचशे एक्याऐंशी!

बसलं! चौथा नट पान्हा लावायच्या आधीच नुसत्या बोटांनी फिरत आत गेला आणि मी, वय वर्षे बावन्न, निंबोल्याच्या रस्त्याकडेला चिखलात गुडघा टेकून ओरडलो, "बसलं!" टायरवाल्या चाचांनी मान वर केली, चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इतना दुबला?" एवढंच म्हणाले.

दुबलाच आहे. तीन म्हशींच्या दावणीला शेळीचं करडू बांधावं, तसं ते चाक माझ्या इलेक्ट्रिक गाडीला दिसतं. बघणारा हसतो. पण त्या करडाच्या अंगात काय आहे ते मला गेल्या तीन आठवड्यांत कळलंय आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. घरातले ऐकून ऐकून कंटाळले. आता तुम्ही ऐका.

तीन आठवड्यांपूर्वी खंडव्याहून परत येत होतो. असीरगडाचा घाट उतरलो, बॅटरी छान शिल्लक, गाडीचा आवाज नाही, खिडकीतून पावसाळी वारा. निंबोला आता आलंच म्हणत होतो तेवढ्यात रस्त्याच्या कडेच्या खडीतला एक धारदार दगड मागच्या डाव्या टायरला चाटून गेला. खिळा नव्हे, साइड कट. टायरच्या गालावर बोटभर लांब चीर. डिक्की उघडली. स्टेपनी नाहीच, तिच्या जागी एक छोटा कॉम्प्रेसर आणि बाटलीभर दुधासारखं औषध. ते औषध टायरच्या माथ्यावरच्या खिळ्याच्या भोकासाठी असतं, गालावरच्या चिरेसाठी नाही, हे बाटलीवर लिहिलेलं आहे. मी ते नंतर वाचलं. आधी भरलं. सगळं दूध चिरेतून फुसकन बाहेर आलं आणि डांबरावर रांगोळी झाली.

असीरगडाच्या पायथ्याशी अंधार पडत असताना एकटं उभं राहायचं म्हणजे काय, ते आमच्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. वर किल्ल्यातल्या महादेवाला अश्वत्थामा रोज फूल वाहून जातो म्हणतात, आणि वाटसरू भेटला की कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो. त्या रात्री भेटला असता तर आम्ही दोघं एकमेकांकडे काय मागत बसलो असतो, देव जाणे. त्याची जखम भळभळती, माझ्या टायरचीही.

दोरी बांधून ओढून नेता येईल असंही नाही. माझ्या गाडीची मोटर पुढच्या चाकांना जोडलेली. ती चाकं जमिनीवर फिरली की मोटर उलटी वीज तयार करायला लागते, म्हणून गाडी अख्खीच्या अख्खी सपाट ट्रकवर चढवावी लागते. तसा ट्रक बुऱ्हाणपुराहून रात्री अकराला आला. भाडं किती झालं ते घरात अजून कळलेलं नाही, त्यामुळे इथे लिहीत नाही.

गाडीत स्टेपनी का नसते? मला वाटायचं, कंपन्यांची कंजुषी. थोडी असेलही. पण २०२० च्या जुलैमध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं नियमच बदलला: साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, टायरमधली हवा सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. ऑक्टोबर २०२० पासून लागू. त्यामागे एक विचार असाही होता की वाचलेल्या जागेत इलेक्ट्रिक गाडीला मोठी बॅटरी बसवता येईल. विचार शहाण्याचा आहे. फक्त तो करणाऱ्याची गाडी खडीच्या रस्त्यावर साइड कट होऊन उभी नव्हती.

आणि गंमत बघा. स्टेपनी हा शब्द आपण इतका घरचा करून टाकलाय की कुणाच्या मागे मागे फिरणाऱ्यालाही स्टेपनी म्हणतो (आणखी एका अर्थानंही म्हणतो, तो सोडा). तो शब्द आहे एका गल्लीचा! वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट आहे. तिथे डेव्हिस बंधूंनी, टॉमस मॉरिस आणि वॉल्टर यांनी, १९०४ च्या सुमारास एक जुगाड काढलं. त्या काळच्या गाड्यांना जादा चाकच नसायचं. पंक्चर झालं की रस्त्यातच टायर उतरवून ठिगळ लावत बसायचं. या भावांनी आरे नसलेली एक कडी केली, तिच्यावर आधीच हवा भरलेला टायर चढवला, आणि ती कडी पंक्चर झालेल्या चाकालाच बाजूनं आवळून बांधायची सोय केली. म्हणजे मूळची स्टेपनी हे पूर्ण चाक नव्हतंच! घरी पोहोचवण्यापुरता आधार होता. एकशे वीस वर्षांनी माझी गाडी पुन्हा १९०४ च्या आधी जाऊन उभी राहिली होती आणि मला हवं होतं ते पुन्हा तेच, घरी पोहोचवण्यापुरतं काहीतरी.

पहिला उपाय सरळ होता: आपल्याच मापाचं पाचवं चाक घ्यायचं. घेतलं नाही, फक्त उसनं आणून डिक्कीत ठेवून पाहिलं. डिक्की संपली. सौभाग्यवतींनी विचारलं, "अहो, मग माहेरचे पापड-कुरडया तुम्ही मांडीवर घेऊन बसणार का?" चाक परत केलं.

मग भुसावळ. केळीच्या व्यवहाराच्या कामाला गेलो होतो, वाटेत एका भंगारच्या गाळ्यात नुसतं डोकावलो. दरवाजे, बंपर, आरसे, आणि मागे भिंतीला टेकलेलं एक किडकिडीत चाक. पिवळी डिस्क, त्यावर ८० चं चिन्ह. टायरवर रबराचे बारीक केस अजून शाबूत, म्हणजे रस्त्यावर फिरलेलंच नाही. पुसून वाचलं: टी १२५/८० आर १५, ९५ एम. टी म्हणजे टेम्पररी. मराठीतही तात्पुरता, नशीब! पण पंधरा इंची. माझी डिस्क चौदाची. हळहळत ठेवून दिलं.

गाळ्याच्या दारापर्यंत आलो आणि थांबलो. डिस्क पंधराची असली म्हणून काय झालं? रस्त्याला डिस्क टेकत नाही, टायर टेकतो! खिशात केळीच्या हिशेबाची पट्टी होती, तिच्या पाठीवर लिहायला लागलो. टायरवरचा पहिला आकडा रुंदी, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची उंची. १२५ चे ८० टक्के म्हणजे १००. वर आणि खाली मिळून २००. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. बेरीज ५८१. आता माझा टायर, १७५/६५ आर १४. एकशे पंच्याहत्तरचे पासष्ट टक्के ११३.७५, दुप्पट २२७.५, अधिक चौदा इंचांचे ३५५.६. बेरीज ५८३.१.

पाचशे एक्याऐंशी आणि पाचशे त्र्याऐंशी!

दोन मिलिमीटर! नवा टायर झिजून गुळगुळीत होईतो त्याहून कितीतरी जास्त लहान होतो. मी पट्टी उलटी धरून, सुलटी धरून बेरीज तपासली. गाळेवाल्याला वाटलं मी भाव पाडायची युक्ती काढतोय.

खरा धक्का पुढे होता. इलेक्ट्रिक गाडी पोटात बॅटरी घेऊन चालते, जड असते. हे बारकं चाक ते वजन पेलणार कसं? टायरवर वजनाचाही आकडा लिहिलेला असतो, सांकेतिक. माझ्या टायरवर ८२, म्हणजे ४७५ किलो. त्या किडकिडीतावर ९५. मोबाइलवर तक्ता उघडला. ९५ म्हणजे ६९० किलो. करडू म्हशीपेक्षा जास्त ओझं उचलतं! माझा विश्वास बसेना. पण कारण टायरवरच छापलेलं होतं: हवा ६० पीएसआय. माझ्या टायरमध्ये असते पस्तिसाच्या आत. वजन रबर उचलत नाही, आतली हवा उचलते, हे मी आयुष्यभर पंक्चर काढून घेतली तरी कधी ध्यानात आलं नव्हतं.

आता नट. चार नटांच्या डिस्कचं माप सोपं: समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. गाळेवाल्याच्या मोजपट्टीनं मोजलं, १०० मिलिमीटर. माझ्या गाडीचंही १००, ते मी ट्रकची वाट बघताना पुस्तिकेत वाचलं होतं. इतका वेळ होता तेव्हा. मधल्या मोठ्या भोकाचा प्रश्न उरला. गाडीच्या हबचा गोल उंचवटा त्यात शिरला पाहिजे. बाराशे रुपये देऊन चाक घरी आणलं, रात्री गाडीचं चाक काढून लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर हबचं गोल कापलं आणि भोकात घातलं. केसभर जागा ठेवून शिरलं. चाक किती आत बसेल, किती बाहेर, ब्रेकच्या कॅलिपरला डिस्क घासेल का, हे मात्र कागदावर कळत नाही. त्यासाठी बसवूनच पाहायचं. टायरच्या अंगावरचा चार आकडी शिक्का ३११९ होता, २०१९ चा एकतिसावा आठवडा. वापरलेला नाही, पण ताजाही नाही. कुठे भेग आहे का म्हणून टॉर्च लावून इंच इंच पाहिला. नव्हती.

आणि मग तो दिवस, ती टपरी, ते "बसलं". जॅक लावायला चाचांनी सवयीनं गाडीच्या पोटाखाली हात घातला तेव्हा मी जवळजवळ त्यांच्या अंगावर गेलो. पोटात बॅटरी आहे! जॅक फक्त दाराखालच्या खुणेच्या जागी, तिथेच पत्रा जाड असतो. नंतर साठच्या हवेवरून वाद. "फट जाएगा," चाचा म्हणाले, दोन पावलं मागे सरून. ट्रकला शंभरच्या वर हवा भरणारा माणूस एवढ्याशा चाकाला घाबरला! मी टायरवरचं छापील साठ त्यांना वाचून दाखवलं, त्यांनी चष्मा लावून स्वतः वाचलं, मग भरली. आधी मागे बसवलं. हातानं फिरवलं, कुठे घासलं नाही. नट शंकूसारख्या तोंडाचे, डिस्कच्या भोकांत नेमके रुतले. समोरासमोरचे आळीपाळीनं आवळले. हौसेनं पुढेही लावून पाहिलं आणि स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकाला फिरवलं. तिथेही मोकळं. पण पुढे ते वापरायचं नाही असं मी ठरवलंय. गाडी पुढच्या चाकांनी ओढते, पुढच्या चाकांनीच जास्त ब्रेक घेते. पुढचं पंक्चर झालं तर मागचं धडधाकट चाक पुढे आणायचं आणि करडू मागे. दहा मिनिटांचं जास्तीचं काम, करायचं.

निंबोल्यातून असीरगडाच्या पायथ्यापर्यंत गेलो, परत आलो. ताशी पन्नासच्या वर नेली नाही. चाकावर ८० लिहिलंय ती शेवटची हद्द, परवानगी नव्हे. पडद्यावर पिवळी खूण पेटली, कारण या चाकात हवा सांगणारा सेन्सर नाही. दुसरी कुठली तक्रार गाडीनं केली नाही. पेडलवरचा पाय काढल्यावर गाडीला आपोआप लागणारा ब्रेक कमीत कमीवर ठेवला. ओल्या रस्त्यावर हे बारीक टायर कमी धरतं, ते एका वळणावर कमरेला जाणवलं, त्यानंतर मी शहाण्यासारखा वागलो. पंधरा वर्षांपूर्वीच्या लुनावर बसलोय असं वाटत होतं. हसू आवरत नव्हतं. केळीचा एक ट्रक मला ओलांडून गेला, क्लीनरनं खिडकीतून मान काढून चाकाकडे बोट दाखवलं. मी हात केला.

आता ते डिक्कीच्या तळाशी आडवं झोपतं, वर फळी, फळीवर पापड-कुरडया. पट्ट्यानं आवळून बांधलंय, नाहीतर जोराच्या ब्रेकला एवढं लोखंड पुढे आलं तर पंक्चर बरं म्हणायची वेळ येईल.

काल रावेरहून मेव्हण्याचा फोन. त्यानंही इलेक्ट्रिक घेतलीय. "दाजी, माझ्यासाठी पण एक बघा ना तसलं चाक." मी विचारलं, नट किती? म्हणाला पाच. पाच नटांत समोरासमोर नट येतच नाही! रात्रभर झोप नाही. पहाटे सापडलं: शेजारशेजारच्या दोन नटांचं अंतर घ्यायचं आणि १.७ नं गुणायचं. सौभाग्यवतींना उठवून सांगितलं. त्यांनी कूस बदलली.

रविवारी रावेरला चाललोय. पिशवीत व्हर्नियर घेतलाय, कात्री घेतलीय, आणि गेल्या वैशाखातल्या पाच लग्नपत्रिका.