बेड होता

मी दोन वर्षं एका खासगी हॉस्पिटलात योजनेच्या टेबलावर काम केलं. गाव मराठवाड्यातलं, जिल्ह्याचं. योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, पण एवढं लांब नाव कुणी घेत नाही. डॉक्टरांपासून झाडू मारणाऱ्या मावशींपर्यंत सगळे नुसतं ‘योजना’ म्हणतात. रेशनकार्ड आणि आधार बघायचं, कागद स्कॅन करून पाठवायचे, मंजुरी आली की ऑपरेशन, डिस्चार्ज झाला की क्लेम टाकायचा. हे माझं काम.

फेब्रुवारी लागला की त्यात एका कामाची भर पडायची. आलेल्या माणसाला सांगायचं, “योजनेचा बेड शिल्लक नाही.”

असाच एक माणूस आला. सोबत म्हातारी आई. अंगणात पडून तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं. टमटममध्ये गोधडीवर निजवून आणलेली. त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून केशरी कार्ड काढलं आणि मोबाईलवर कुणीतरी पाठवलेलं पोस्टर दाखवलं.

“ताई, आता पाच लाखाचं झालंय म्हणं की.”

“झालंय काका. पण बेड नाही.”

खरं तर वरच्या मजल्यावर चार बेड रिकामे होते. आरोग्यमित्राचं टेबल माझ्या शेजारीच होतं, पण माणूस आधी माझ्याकडे यायचा आणि बहुतेकदा माझ्याकडूनच परत जायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा आला. गोऱ्हा विकून आला होता. चाळीस हजार रुपये, सगळ्या पाचशेच्या नोटा. मी त्याच्यापुढे एक छापील कागद ठेवला : मला योजनेचा लाभ नको आहे, मी स्वखुशीनं पैसे भरत आहे. त्यानं वाचला नाही, सही केली. मी पावती फाडून दिली.

“घावला का बेड?” त्यानं विचारलं. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच वाटलं होतं, रात्रीतून कुणाला तरी सुट्टी मिळाली असेल.

त्या संध्याकाळी मी डॉक्टरांशी भांडले. ते चिडले नाहीत. त्यांनी कॉम्प्युटरवर थकलेल्या क्लेमची यादी उघडली. कित्येक महिन्यांची. “हाडात बसवायची प्लेट मी रोखीनं आणतो. नर्सचे पगार एक तारखेला करतो. सरकारकडून पैसे कधी येतील, हे मला कुणी सांगत नाही. मी कुणाला थांबवू, तू सांग.”

मला सांगता आलं नाही. पण पैसा अडतो कुठे, हे बघायचंच असं ठरवून मी घरी जाऊन राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तकं मोबाईलवर उघडली.

आधी नुसता गुणाकार केला. योजनेचं संरक्षण पूर्वी कुटुंबामागे वर्षाला दीड लाख होतं. ते ५ लाख करायचा निर्णय २०२३ मध्ये झाला आणि २०२४ मध्ये तो लागू झाला. राज्यात दोन कोटींहून जास्त कुटुंबं आहेत. प्रत्येकानं ५ लाख वापरले, तर १० लाख कोटी रुपये लागतील. राज्याचा २०२५-२६ चा अख्खा अर्थसंकल्प साधारण ७ लाख कोटींचा होता. यात फसवणूक नाही, विमा असाच चालतो. सगळे एकाच वर्षी आजारी पडत नाहीत. पण किती जण पडतील याचा अंदाज मात्र कुणालातरी बांधावा लागतो, आणि तो आकडा पोस्टरवर नसतो.

पुस्तकात तो असतो. ‘वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य’ हे लेखाशीर्ष २२१०. त्याखाली रकाने : अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि आधीच्या वर्षात प्रत्यक्ष झालेला खर्च. मार्चमध्ये विधिमंडळात जी रक्कम मांडतात ती झाली तरतूद. तरतूद म्हणजे हातात आलेले पैसे नव्हेत. वित्त विभाग ते टप्प्याटप्प्यानं सोडतो. कमी पडले तर पावसाळी किंवा हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागणी मांडायची. आजार मात्र अधिवेशन बघून येत नाही. म्हातारी माघात पडते. तिचं बिल तयार होईपर्यंत वर्षाची तरतूद तळाला गेलेली असते. मग ते बिल पुढच्या वर्षावर ढकललं जातं, आणि नव्या वर्षाची तरतूद जुन्या उधारीपासूनच संपायला लागते.

आणखी एक गोष्ट टेबलावर बसूनच कळली. संरक्षण दीड लाखाचं ५ लाख झालं, तरी हॉस्पिटलला मिळतो तो त्या ऑपरेशनचा ठरलेला दर. बहुतेक ऑपरेशनांचे दर दीड लाखाच्या आतलेच. म्हणजे मोडलेल्या मांडीसाठी मधल्या साडेतीन लाखांचा काही उपयोग नव्हता. तिच्यासाठी महत्त्वाचं एवढंच होतं, की ठरलेला दर वेळेवर मिळेल असा डॉक्टरांना भरवसा वाटतो की नाही.

मला वाटतं, अर्थसंकल्पाच्या दिवशी आपण चुकीचा आकडा विचारतो. संरक्षण किती लाखांचं, हे भाषणात येतंच. विचारायचं ते असं : मागच्या वर्षी तरतूद किती होती, प्रत्यक्ष खर्च किती झाला, आणि एक क्लेम फेडायला किती दिवस लागले? पहिले दोन आकडे छापलेले असतात. तिसरा गोऱ्हा विकणाऱ्याला कळतो.

डॉक्टरांची अडचण खरी होती. पण तिची किंमत त्यांनी भरली नाही, सरकारनंही भरली नाही. ती केशरी कार्डवाल्यानं भरली आणि पावती माझ्या अक्षरात आहे. नोकरी मी पुढे सोडली. त्यानं ती पावती पुसली जात नाही.

डिस्चार्जच्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी थांबला. आई व्हीलचेअरवर, मांडीवर तीच गोधडी. त्यानं पिशवीतून योजनेचं कार्ड काढून पुढे धरलं.

“ताई, ह्ये ठिवू का टाकून दिऊ?”

“ठेवा काका,” मी म्हटलं. “पुढच्या वेळी लागेल.”

त्यानं ते पुन्हा पिशवीत ठेवलं, जपून.