गल्ल्यातलं नाणं

रात्री दुकान बंद केलं की गल्ला मी गोणपाटावर उपडा करतो. आधी हिशेब, मग नाणी. एकेक नाणं दिव्याखाली धरायचं, साल वाचायचं, सालाखालची खूण बघायची. हिऱ्यासारखी बारीक चौकट असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी असेल तर हैदराबादचं, टिंब असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. नखाएवढ्या जागेत एवढं सगळं असतं, आणि दिवसभर शेकडो हातांतून ते न वाचताच फिरतं.

गोव्यातल्या शिरगावात लईराई देवीच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं दुकान आहे. नारळ, कापूर, काडेपेट्या, साबण, बिस्किटं. खनिजाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकवाल्यांच्या हातून येणारी नाणी लाल धुळीने माखलेली असत. मोजून झाल्यावर बोटं धुवावी लागत. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि नाणी स्वच्छ यायला लागली. त्या स्वच्छपणाचा आनंद कुणाला झाला नाही. आता काउंटरवर क्यूआरचा फलक आहे. कोपऱ्यावरचा पोरगाही पाच रुपयांच्या चॉकलेटला मोबाइल पुढे करतो. चिल्लरीचा खरा पूर येतो तो वैशाखात, लईराईच्या जत्रेला.

‘हे साठवून काय मिळतं?’ हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. पैशांचंच विचाराल तर काही नाही. गल्ल्यात येणारं नाणं टांकसाळीने कोट्यवधींच्या संख्येने पाडलेलं असतं, आणि आपल्यापर्यंत येईतो ते घासलेलं असतं. मोल देणारं गिऱ्हाईक न वापरलेलं, कोरं नाणं मागतं. १९९९ चा शिवाजी महाराजांचा दोन रुपया, त्याच वर्षीचा ज्ञानेश्वरांचा रुपया, २००२ चा तुकारामांचा दोन रुपया, २००७ चा टिळकांचा पाच रुपया, हे सगळे मला मोडीतूनच मिळाले. पण बिस्किटाच्या पुड्याचे पैसे म्हणून ज्ञानेश्वर माझ्या तळहातावर आले, ती दुपार मला अजून आठवते. विकत घेतलं असतं तर ती दुपार सोबत आली नसती.

म्हणून माझी एक रीत आहे. नाणं काढून घेतलं की तेवढेच पैसे खिशातून गल्ल्यात टाकायचे, म्हणजे हिशेब बिघडत नाही आणि गिऱ्हाइकाला मोडीऐवजी गोळी घ्यावी लागत नाही. मग नाणं कागदाच्या पुडीत बांधायचं आणि पुडीवर तारीख आणि ते कसं आलं ते लिहायचं. पुडीवर काही लिहिलेलं नसेल तर ती नुसती चिल्लर राहते, असं माझं ठाम मत आहे. दुबईहून सुट्टीला आलेल्या पोराने रुपया समजून एक दिरहॅम दिला होता, त्यावर अरबी कॉफीचं चोचवालं भांडं आहे. त्या पुडीवर त्याच्या आईचा निरोपही लिहिलेला आहे: ‘राहू दे तुझ्याकडे, तो परत आला की दाखव.’

आणि नाणं घासायचं नाही, कधीही. हे मी नुकसान करून शिकलो. आमच्या घरी पोर्तुगीज अमदानीतली थोडी नाणी उरली होती. १९५८ पासून गोव्यात रुपिया-तांगा जाऊन एस्कुदो-सेंताव आले. सहा एस्कुदोंचा एक रुपिया धरलेला, म्हणून तीन एस्कुदोचं आणि सहा एस्कुदोचं अशी नाणी पाडली. आजीच्या लेखी तीनचं नाणं म्हणजे आठ आणे, ती तसंच म्हणायची. त्यांत दहा सेंतावचं एक ब्राँझचं नाणं होतं, तपकिरी, विड्याच्या कातासारखं. बारा वर्षांचा असताना मी ते सोलांच्या पाण्यात भिजवून राखेने घासलं, देवाची भांडी घासतात तसं. लखलखीत झालं. आजोबांनी हातात घेतलं, उन्हाकडे धरलं आणि काही न बोलता परत दिलं. आकड्यांच्या कडा बोथट झाल्या होत्या, आणि इतक्या वर्षांनी त्या नाण्यावर चढलेला काळ मी दहा मिनिटांत उतरवून टाकला होता. ते अजून आहे माझ्याजवळ. पुन्हा काळवंडलंय, पण डाग पडून, पहिल्यासारखं एकसारखं नाही.

नाणी निरखण्याच्या या नजरेचा धंद्यातही उपयोग होतो. दहाच्या नाण्यावर दहा रेषा असल्या तर खरं, पंधरा असल्या तर खोटं, अशी अफवा आली तेव्हा बाजारात कोणी ती नाणी घेईना. माझ्या पुड्यांत दोन्ही होती. शेजारी ठेवून मी लोकांना दाखवायचो. पुढे जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने चलनात आहेत.

पलीकडच्या वाड्यावरची एक वहिनी एकदा पदरात बांधून पाचचं नाणं घेऊन आली. २०१२ चं, माता वैष्णोदेवीचं. कुणीतरी फोनवर सांगितलं होतं, याचे लाखो मिळतात, आधी कर म्हणून थोडे हजार भरा. मुलीच्या फीची रक्कम तिने बाजूला काढलीसुद्धा होती. मी तिच्यासमोर माझ्याकडची तसली तीन नाणी ठेवली. तिने ती उलटीपालटी करून पाहिली, आपलं नाणं त्यांच्याशेजारी ठेवलं आणि बराच वेळ गप्प बसली. अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सावध केलं होतं. ते वाड्यावर पोचलेलं नव्हतं.

माझ्याकडे एक पुडी आहे, तिच्यात दहाचं साधं नाणं आहे. साल सामान्य, खूण सामान्य. पुडीवर लिहिलंय: शुक्रवार, २ मे २०२५, जत्रा. त्या संध्याकाळी एका धोंडाने, म्हणजे लईराईचं व्रत पाळणाऱ्या भक्ताने, मोगऱ्याच्या कळ्यांची माळ घेतली आणि पन्नासची नोट दिली. माळ चाळीसची. मी दहा परत करायला गेलो तर त्याने दोन्ही हात दाखवले. एकात माळ, दुसऱ्यात गोंड्यांची वेताची काठी, अंगावर सोवळं, नाणं ठेवायला जागाच नाही. ‘मागीर घेतां,’ नंतर घेतो, म्हणाला आणि देवळाच्या तळीच्या दिशेने गेला. पहाटे देवळाच्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली. तो कुठल्या गावचा, मी विचारलं नव्हतं. गर्दीत दुसऱ्या वाटेने घरी गेला असेल, दहा रुपयांसाठी कोण परत येतं.

ही पुडी मी संग्रहात मोजत नाही. ती गल्ल्यातच डावीकडच्या खणात असते, आणि जत्रेच्या दिवशी वर काढून ठेवतो.