हवेतले कुलूप

मराठीतला 'कुलूप' हा शब्द अरबी भाषेतून आला आहे. उर्दूत तुम्ही 'कुफ्ल' म्हणता, तोच हा. प्रवासात शब्दाचे रूप थोडे बदलले. काम मात्र तेच राहिले. हल्ली घराघरांत आणखी एक कुलूप असते. ते डोळ्यांना दिसत नाही, कारण ते हवेत असते.

वाय-फायचा राऊटर म्हणजे कोपऱ्यात दिवे लुकलुकवणारा तो छोटा डबा. तो मजकूर रेडिओलहरींनी पाठवतो. या लहरी भिंत ओलांडून शेजारच्या घरातही जातात. त्यांना दार लावता येत नाही, म्हणून मजकूरच सांकेतिक करून पाठवतात. पासवर्ड ही त्याची किल्ली. पण नुसती किल्ली पुरत नाही. कुलूप कोणत्या पद्धतीचे, यावरही दोन्ही बाजूंचे एकमत लागते.

'वेप' ही पहिली पद्धत १९९७ साली आली. २००१ मध्ये तीन संशोधकांनी तिच्यातला मोठा दोष दाखवून दिला. मग २००३ मध्ये 'डब्ल्यूपीए', २००४ मध्ये तिच्याहून भक्कम 'डब्ल्यूपीए-२' आणि २०१८ मध्ये 'डब्ल्यूपीए-३' आली. नावे रुक्ष आहेत, पण पुढे त्यांचेच काम आहे.

आमच्या शेजारी एक चाचा राहतात. ते यंत्रमागावर काम करतात. थोरल्या मुलाने कॉलेजात वापरलेल्या लॅपटॉपवर आता त्यांची बारावीतली मुलगी अभ्यास करते. त्यांचा जुना राऊटर बिघडला आणि नवा आला. थोरल्याने त्याला मुद्दाम जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला. घरातले फोन लगेच जोडले गेले. लॅपटॉप मात्र जोडला जाईना. दहा वेळा पासवर्ड टाकून झाला. दुरुस्तीवाल्याने तर उघडूनही न पाहता सांगितले, "आता नवाच घ्या." नवा लॅपटॉप म्हणजे चाचांची कित्येक महिन्यांची बचत!

"देऊन टाकू भंगारात. फोनवर होतोच की अभ्यास," चाचा म्हणाले.

मुलगी काही बोलली नाही. तिने ओढणीच्या टोकाने लॅपटॉप पुसला आणि तो माझ्याकडे घेऊन आली.

मला असे घाईचे निकाल आवडत नाहीत. मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट सुरू केला. लॅपटॉप क्षणात जोडला गेला. म्हणजे तो धडधाकट होता. राऊटरही धडधाकट होता, कारण घरातले फोन चालत होते. बिघाड दोघांपैकी एकातही नव्हता. दोघांचे आपसांत जुळत नव्हते.

आम्ही चाचांच्या घरी गेलो. लॅपटॉपच्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येत होती. अशी ओळ न वाचताच मिटवण्याची सर्वांना भारी घाई असते. मी म्हटले, "बेटा, मोठ्याने वाच."

तिने वाचले आणि सावकाश अर्थ लावला : या संगणकात साठवलेली मांडणी या नेटवर्कच्या अटींशी जुळत नाही.

"सर, पासवर्ड चुकला, असे तो म्हणतच नाही!"

थोरल्याच्या फोनवर राऊटरच्या मांडणीचे पान उघडले. सुरक्षेपुढे 'फक्त डब्ल्यूपीए-३' अशी निवड होती. बिचाऱ्या लॅपटॉपला ही पद्धत ठाऊकच नव्हती. माझ्या हॉटस्पॉटची पद्धत डब्ल्यूपीए-२ होती, म्हणून तिथे त्याचे जमले.

"मग पासवर्डच काढून टाकू. सगळेच जोडले जाईल," थोरला म्हणाला.

खरेच आहे. दारच काढले, की किल्लीची कटकट मिटते! मी नको म्हटले. 'वेप'ही नको. त्याच पानावर डब्ल्यूपीए-२ आणि ३ एकत्र चालवण्याची सोय होती. ती निवडली. आता नवे फोन तिसरी पद्धत वापरतील, लॅपटॉप दुसरी.

तरीही जुळेना. चाचांनी सुस्कारा सोडला. मुलगी मात्र पुन्हा तीच ओळ वाचत होती. "साठवलेली मांडणी... म्हणजे जुन्या राऊटरची तर नव्हे?" तिने लॅपटॉपमध्ये त्या नावाची माहिती उघडली. तिथे अजून २००३ सालची डब्ल्यूपीए होती. राऊटरचे नाव तेच, म्हणून लॅपटॉप जुन्याच पद्धतीने हाक मारत होता. तिने ते नाव यादीतून पुसले, नव्याने शोधले आणि पासवर्ड टाकला. क्षणभर चक्र फिरले आणि लॅपटॉप जोडला गेला.

"माशा अल्लाह!" चाचा म्हणाले. मुलगी तोपर्यंत रसायनशास्त्राचा धडा उघडून बसली होती.

भंगारवाल्याकडे शेवटी गेला तो जुना राऊटर. तो देण्यापूर्वी मुलीने त्याला वीज जोडली आणि मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून आतले बटण काही वेळ दाबून धरले. घरचा पासवर्ड अजून त्यातच होता.