शीतगृहातलं उणे एक

१० फेब्रुवारी, पुणे
द्राक्षांच्या शीतगृहासाठी लिहिलेला तापमान-नोंदीचा प्रोग्राम आज रास्पबेरी पाय झीरो या छोट्या संगणकावरच कंपाइल करायला घेतला. एकच कोअर, ५१२ एमबी मेमरी. दुपारचं जेवण उरकलं तरी बिल्ड अर्ध्यावरच. उद्यापासून लॅपटॉपवर क्रॉस कंपाइल करायचं, म्हणजे इंटेलच्या यंत्रावर बसून एआरएमसाठी फाइल बनवायची.

११ फेब्रुवारी
बिल्ड तीन मिनिटांत झाला. फाइल पायवर चढवली, तर एकच ओळ: इलीगल इन्स्ट्रक्शन.

संध्याकाळपर्यंत माझाच कोड चाळत बसलो. मग रीडएल्फने फाइलचे गुणधर्म उघडले आणि 'व्ही७' दिसलं. लॅपटॉपवरच्या उबंटूतला क्रॉस कंपायलर एआरएमव्ही७ गृहीत धरतो. झीरोचा प्रोसेसर एआरएमव्ही६. फाइलच्या हेडरमध्ये प्रोसेसरचा क्रमांक असतो, पण दोन्ही पिढ्यांना तो ४०च. त्यामुळे लिनक्स फाइल दारात अडवत नाही. अनोळखी सूचना समोर आली की प्रोग्राम जागीच कोसळतो. कंपायलरला व्ही६ सांगूनही भागलं नाही, कारण सोबत जोडल्या जाणाऱ्या लायब्रऱ्या आधीच व्ही७साठी बनलेल्या.

१३ फेब्रुवारी
क्रॉसटूल-एनजीने व्ही६ची टूलचेन, म्हणजे कंपायलर आणि लायब्रऱ्यांचा संच, बांधली. चाललं.

१६ फेब्रुवारी, पिंपळगाव बसवंत
पाय शीतगृहात बसवला. रात्री साडेदहाला तिथली खोली उणे एक अंशावर आली आणि पडद्यावर २५५ उमटलं. अलार्म वाजला. व्यवस्थापक काका धावत आले, "भाऊ, मालाला धोका नाही ना?" खोलीतला थर्मामीटर दाखवला तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

माझ्या लॅपटॉपवर हाच कोड उणे एक दाखवायचा. तापमान मी 'कॅरेक्टर' प्रकारात, एका बाइटमध्ये ठेवलं होतं. तो प्रकार चिन्हासहित धरायचा की चिन्हाविना, हे सी भाषेने कंपायलरवर सोडलंय. लिनक्सवर इंटेलसाठी चिन्हासहित, एआरएमसाठी चिन्हाविना. आठही बिट एक असले की तिकडे उणे १, इकडे २५५. कंपायलरने चकार शब्द काढला नव्हता, आणि पुण्यात फेब्रुवारीत उणे तापमान येणार कुठून! शून्याखालचा आकडा मी पायवर एकदाही तपासला नव्हता. ही चूक सर्वस्वी माझी.

१७ फेब्रुवारी
प्रकार बदलून स्पष्ट 'साइन्ड' केला. शून्याखालच्या चाचण्या लिहिल्या; त्या आता प्रत्येक बिल्डनंतर क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये आणि मग खऱ्या झीरोवर चालतील. लॅपटॉपवरचा निकाल यापुढे धरायचा नाही.

पहाटे चारला पडद्यावर उणे १ आलं. थर्मामीटरवरही तेच होतं.